त्याच नवऱ्याशी पाट

माझी दोन लग्नं झाली. पहिलं भागोजीशी आणि दुसरंही भागोजीशीच. हसू नका, आधी ऐका. या दोन लग्नांच्या मधे मी विधवा होते, आणि ज्याच्या नावानं माझ्या बांगड्या फोडल्या तो गडी तेव्हा इराणातल्या इस्पितळात पाव खात बसला होता. चूक कुणाची, असं आमच्या कोंडेवाडीत विचारलंत तर देवीची नाही, गुरवाची नाही, विमानांची तर मुळीच नाही. चूक चिमाची. म्हणजे माझी. मी वाद घालत नाही. वाद घातला की माझं डोकं उठतं, त्यांचं काहीच होत नाही.

तर झालं असं. मुंबईत गिरण्यांचा संप झाला तेव्हा गावातले बरेच पुरुष परत आले. कुणी नांगर धरला, कुणी पत्ते धरले. भागोजी मात्र कुणाच्या तरी ओळखीनं मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. तिकडं इराण आणि इराकची जुंपली होती. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, रत्नागिरीचा रेडिओ बातम्यांत सांगायचा. पण लढाई म्हणजे शिपायांची. साखरेची पोती उतरवणाऱ्या माणसावर कोण कशाला बॉम्ब टाकेल, असं आमचं साधं गणित. चौऱ्याऐंशी साली पावसाच्या तोंडावर इराणच्या एका बंदरावर विमानं आली आणि धक्क्याला लागलेल्या बोटी पेटल्या. त्यातली एक भागोजीची. मागनं बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून तार आली, भागोजी बेपत्ता.

सासूनं ती तार महिपतदादांकडं नेली. महिपतदादा आमच्या गावचे गावकर. देवळातला पहिला मान त्यांचा, आणि ज्यातलं कळत नाही त्यातला पहिला शब्दही त्यांचाच.

"बेपत्ता म्हंजे काय रे, महिपत?" सासूनं विचारलं.

"म्हंजे सापडत नाय."

"मग शोधा म्हणावं मेल्यांना! माझा पोर काय सुपारी हाय, खिशातनं पडली नि गेली?"

पाऊस सरला. दुसरी तार आली नाही. पितृपंधरवडा तोंडावर आला आणि महिपतदादांच्या जिवाला घोर लागला. म्हणाले, "मेला असंल नि त्याचं दिवस केलं नाय, तर जीव घुटमळत ऱ्हाणार, सगळ्या वाडीला तरास. आणि जिवंत असंल नि दिवस केलं..." इथं ते थांबले. जिवंत असेल तर पुढं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडं असं अडलं की देवीला विचारतात. कौल लावायचा. देवीच्या पाषाणाला ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवीकडचं फूल पडलं तर देवीचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार.

काशीराम गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बाय पावणाई, तुझं लेकरू भागोजी दर्यापार गेलंय. त्याचं दिवस करायचं असतील तर उजवा दे, नसतील तर डावा दे."

सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

बराच वेळ काही हललं नाही. मी बायकांच्या मागं उभी होते आणि डावीकडच्या फुलाकडं अशी डोळे फाडून बघत होते की लाजेनं तरी ते पडावं. पडलं ते उजवं. मी होते तिथं बसले आणि हमसून हमसून रडले. खोटं कशाला सांगू, आमचा संसार तो असा कितीसा, तो सुट्टीवर यायचा तेवढाच. पण माझा नवरा होता, आणि माणूस चांगला होता. घरात असला तरी आहे हे पटकन कळायचं नाही, इतका गरीब.

दर्भाचा भागोजी करून जाळला. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सगळा गाव जमला होता. एकीनं तर लांबून नीट दिसत नाही म्हणून पुढं येऊन बघितलं.

त्यानंतर मला कळलं की बाई असणं वेगळं आणि सवाष्ण असणं वेगळं. मी तीच, हात तेच, भात तोच रांधायचे. पण कुणी सकाळी कामाला निघालं आणि मी समोर आले की माणूस खोकून माघारी वळायचा, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. शेजारी लग्न होतं. हळदीसाठी रात्रभर हळकुंडं कुटली मी, आणि हळद लावायच्या वेळी मला म्हणाल्या, "चिमा, तू जरा पडवीत बस गो." मी बसले. आतून गाणी ऐकू येत होती, त्यातली निम्मी मीच त्यांना शिकवलेली. फार लागलं मला ते. अजून लागतं.

पोटासाठी मी मिरजोळ्याला कोळंबीच्या कारखान्यात जायला लागले. तिथं बर्फात हात घालून कोळंबी सोलायची, बोटं लाकूड होतात. पण खरं सांगू? मला आवडायचं. सगळ्याजणींना पांढरी टोपी कपाळापर्यंत ओढायची सक्ती, त्यामुळं कुणाचं कपाळ भरलेलं आणि कुणाचं रिकामं, काही दिसायचं नाही. आणि पायात गमबूट. जन्मात पहिल्यांदा माझ्या पायांना कुणी काही दिलं तर ते गमबूट.

मग वैशाखात भागोजी आला.

मी कामावर होते. सासू खळ्यात आंबोशी वाळत घालत होती. दगडी गडग्यापलीकडून हाक आली, "आये." सासूनं वर बघितलं आणि आंबोशीचं सूप जसंच्या तसं त्याच्या अंगावर फेकलं.

"पाय दाखव! आधी पाय दाखव!"

भुताचे पाय उलटे असतात. भागोजीनं निमूटपणे बूट काढले, मोजे काढले. पाय सरळ होते. तोवर गाव जमला. कुणी म्हणालं, भूत मीठ खात नाही. त्याला मूठभर मीठ दिलं, त्यानं खाल्लं. काशीरामाचं तरी समाधान होईना. तो म्हणाला, "हे सगळं ठीक हाय, पण खरी परीक्षा देवीच्या ढोलाची. पालखीचा ढोल वाजला की भूत उभं ऱ्हात नाय, कानांवर हात घेऊन लोळतं." पण ढोलाचं कातडं फाटलं होतं, तो संगमेश्वरला चढवायला दिलेला. परीक्षा राहिली.

मी संध्याकाळच्या एस्टीनं आले तर खळ्यात ही गर्दी, आणि मधोमध पालथ्या घमेल्यावर माझा नवरा बसलेला. वाळला होता, दाढी वाढली होती, ओठांना मीठ लागलं होतं. मी गडग्याला धरून उभी राहिले. त्यानं मला बघितलं, आणि एवढ्या गर्दीत पहिलं काय बोलला तर, "चिमा, तुझं कुंकू कुठं गेलं?"

सगळा गाव आंब्याच्या झाडाकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "तुमच्याबरोबर गेलं."

आता मोठा पेच पडला. भागोजी जिवंत, हे डोळ्यांना दिसत होतं. पण देवी चुकली असं कोण म्हणणार? काशीराम म्हणाला, "देवीनं दिवस करा म्हणून सांगितलान. मेला असं कुठं सांगितलान?" त्यावर महिपतदादा म्हणाले, "दिवस केलं म्हंजे तो मेला. आपण काय जित्या माणसाचं दिवस केलं काय? मेला तो मेलाच. आता त्याला परत जन्माला घालायला हवा."

मला वाटलं हे आपले रागानं बोलतायत. पण रत्नागिरीहून हरिहरभटजींना आणलं, त्यांनी पोथी उघडली, आणि काय सांगू, पोथीत खरंच होतं! दिवस केलेला माणूस परत आला तर त्याला तुपाच्या रांजणात बुडवून काढायचा, म्हणजे तो पोटातून आला. मग जातकर्म, बारसं, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"तूप किती म्हणालात, भटजी?" महिपतदादांनी विचारलं.

"माणूस बुडेल इतकं."

महिपतदादा बोटांवर तुपाचे डबे मोजायला लागले. मग भटजींनाच दया आली. ते म्हणाले, चमचाभर डोक्यावर घातलं तरी शास्त्र रुसत नाही.

देवळाच्या मंडपात बारसं झालं. तुळईला पाळणा टांगला, त्यात भागोजीचं निम्मंच अंग मावलं. गुडघे वर, पाय बाहेर. नाव नवं ठेवावं असं भटजींचं मत होतं, पण सासू म्हणाली, "दुसऱ्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळायची नाय." तेव्हा पुन्हा भागोजीच. बायकांनी कानाशी जाऊन "कुर्रर्र" केलं आणि रिवाजाप्रमाणं पाठीत धपाधप गुद्दे हाणले. भागोजी एकदम पांढराफटक पडला, थरथर कापायला लागला, आणि पाळण्यातनं उडी टाकतो की काय असं वाटलं.

"बाळ घाबरलं गो!" म्हणून सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले.

लग्न राहिलं. तोवर भागोजी कुवारा आणि मी विधवा, तेव्हा एका घरात राहायचं नाही. तो देवळात झोपायचा. महिपतदादा म्हणाले, "लग्न कशाला, पाट लावून टाकू. विधवेला काय लागतं?" पाट म्हणजे आमच्यात विधवेचं दुसरं लग्न. दिवेलागण झाली की मागीलदारी उरकायचं, भट नाही, वाजंत्री नाही, आवाज नाही. बाईला कुंकू मिळतं, पण अर्धं. पाटाच्या बाईला कुणी ओटी भरायला बोलवत नाही, सवाष्ण म्हणून कधी पानावर बसवत नाही. मरेपर्यंत पडवीच.

मी तिथंच उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, "दादा, पाट दुसऱ्या नवऱ्याशी लावतात. माझा हा पहिलाच हाय. बांगड्या फोडायला सगळा गाव आलात ना? मग भरायलापण सगळ्यांनी यायचं. ढोल पायजे, ताशा पायजे, सनई पायजे, फटाके पायजेत. वाजतगाजत लगीन लावा नायतर तुमचं हे बाळ तुम्हीच सांभाळा."

हरिहरभटजी माझ्या बाजूनं झाले. शास्त्रात हे लग्नच आहे, पाट नव्हे, असं त्यांनी ठणकावलं. काशीरामालाही बरं वाटलं. "ढोल येतोय संगमेश्वरवरनं. लग्नात अंगावर वाजवू. माणूस हाय का आणखी काय, ते सगळ्यांसमोर कळंल."

मला त्याचं काही वाटलं नाही. वाजव म्हटलं, बाबा, हवा तेवढा वाजव. मला पुन्हा सवाष्ण व्हायचं होतं, उजळ माथ्यानं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसरं काही नको होतं मला त्या दिवसांत. रात्री डोळे मिटले की ढोलच ऐकू यायचा.

इकडं रोज संध्याकाळी मंडपात भागोजीचं कथाकीर्तन चाले. इस्पितळात पडून होतो, कागद बोटीबरोबर जळाले म्हणून मी कोण ते कुणाला कळेना, एवढं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गावाला बॉम्ब ऐकायचे होते. तो सांगायचा, विमानं आली तेव्हा बोटीचा भंडारी, म्हणजे आचारी, डाळीला फोडणी देत होता. खेडचा आत्माराम नावाचा गडी. पहिला बॉम्ब पडल्यावर सगळे पळाले, आत्माराम पळाला तो हातातली पळी घेऊन, आणि पळता पळता ओरडतोय, "डाळ उतरवा रे, करपंल!" इथं मंडप हसून लोळायचा. "परत सांग, पळीचं सांग," अशी रोज फर्माईश. महिपतदादांना मात्र त्यात विशेष वाटायचं नाही. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी स्वतः कंदिलाला काळा कागद लावला होता, आणि त्यामुळं कोंडेवाडीवर एक विमान आलं नाही. "अंधार करायला हवा होतात," असं ते भागोजीला समजावून सांगायचे.

"दुपार होती, दादा," भागोजी म्हणायचा.

"तरीपण."

मी बायकांत बसून ऐकायचे. एकदा सहज विचारलं, "आणि डाळीच्या पुढं काय झालं?" भागोजी म्हणाला, "पुढं काय, पुढं आलो." आणि लगेच पळीची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो मिरजोळ्याला आला. मला कारखान्यावरनं घेऊन रत्नागिरीच्या बाजारात बांगड्या भरायला जायचं ठरलं होतं. कुवाऱ्या मुलानं विधवेबरोबर बाजारात जावं का, यावर गावात जरा चर्चा झाली, पण माप माझ्याच हाताचं लागणार, तेव्हा सोडलं. कामाची पाळी सुटायच्या वेळेला मी बायकांबरोबर फाटकाशी आले. समोर रस्त्यापलीकडं भागोजी उभा होता. धुवट सदरा, केसांना तेल, हातात पिशवी. मला बघून हसला. इतका छान हसला की बायकांनी मला कोपर मारलं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला.

रोजचाच भोंगा. आम्हाला त्याचं काय, तो वाजला की डबे आवरायचे. पण भागोजीच्या हातातली पिशवी उडाली. क्षणात तो रस्त्यावर पालथा पडला, आणि पोटावर सरपटत, तांबड्या मातीत घासत, बर्फाच्या टेम्पोखाली शिरला. कानांवर दोन्ही हात, तोंड मातीत. भोंगा लांबलचक वाजत होता.

"अगो, हा बघ कसा पडला! प्यायलाय वाटतं," एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसायला लागल्या.

बारशातला पाळणा डोळ्यांपुढं आला, आणि हसणारी मी. मी पळत गेले, पदर आवळला आणि गमबुटांसकट टेम्पोखाली शिरले. टेम्पोतल्या बर्फाचं पाणी आमच्या अंगावर टपकत होतं. त्याचं अंग ताशासारखं थडथडत होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी मी त्याला कधी हात लावला नव्हता.

भोंगा थांबला तेव्हा म्हणाला, "गेली?"

"गेली," मी म्हटलं. "अवो, भोंगा होता तो. आमच्या सुट्टीचा."

"माहीत हाय मला. भोंगाच हाय म्हणून माहीत हाय." आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मग तसाच मातीत तोंड ठेवून बोलत राहिला. "तिकडंपण आधी भोंगाच झाला. आत्मारामाची पळी... रोज हसतात ना सगळे? मी त्याचा हात धरून पळत होतो, चिमा. दुसरा बॉम्ब पडला. मी उठून बघितलं तर हात माझ्या हातात होता. पळी होती त्यात. आत्माराम नव्हता."

मी नुसती त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

"येताना खेडला उतरलो होतो," तो म्हणाला. "त्याच्या घरी सांगायला. त्याची बायको बाहेर आली, कपाळावर हे एवढं कुंकू. चहा दिलान. म्हणाली, आमच्या देवानं डावा कौल दिलान, दिवस करू नका म्हणून. मग ते कधी येणार, भाऊजी? काय सांगू मी? म्हटलं, येईल मागच्या बोटीनं."

आमच्या देवीचं फूल उजवं पडलं, त्यांच्या देवाचं डावं. तेवढ्यावर जिवंत नवऱ्याची मी विधवा, आणि ती मेलेल्याची सवाष्ण. मला हसू आलं नाही हो. तिच्या कपाळावरच्या कुंकवाचा मला हेवाही वाटला नाही, पहिल्यांदाच.

मग भागोजीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "उद्या ढोल हाय ना?"

"हाय."

"मी दात आवळून उभा ऱ्हाईन. तुझ्यासाठी ऱ्हाईन. तुला वाजंत्री पायजे, माहीत हाय मला."

पण तो उभा राहणार नव्हता. त्यालाही माहीत होतं आणि मलाही. काशीराम ढोल त्याच्या कानाशी आणून वाजवणार, पोरं फटाक्यांची माळ लावणार, आणि हा सगळ्या गावासमोर कानांवर हात घेऊन लोळणार. मग कोण त्याला माणूस म्हणेल? पाय सरळ होते, मीठ खाल्लं होतं, ते कुणाच्या लक्षात राहील? झाडूनं मारत वेशीबाहेर काढतील. आणि खरं काय ते सांगावं तर बॉम्बची भीती त्यांना कुठली कळायला, त्यांच्याकडं पळीची गोष्ट होती.

त्या दिवशी आम्ही बाजारात गेलो नाही. घरी आल्यावर मी सरळ देवळात गेले. मंडपात सगळे होते, तोरणं बांधत होते. संगमेश्वरहून आलेला ढोल कोपऱ्यात ठेवला होता, नवं कातडं चकाकत होतं. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. देवीनं दिवस करा म्हणून सांगितलान, म्हंजे मी विधवा झाले ती खरीच. पुन्हा नवरी म्हणून वाजतगाजत उभी ऱ्हायले तर देवीचा शब्द खाली पडंल. पाटच लावा."

महिपतदादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "बाई असून अक्कल आली."

हरिहरभटजी मात्र भडकले. "अगं मूर्खे, शास्त्र तुला अख्खी सवाष्ण करायला तयार आहे आणि तू पाटाची बाई व्हायला निघालीस? जन्मभर ओटीला मुकशील, कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं.

सासूनं कपाळ बडवून घेतलं. ती म्हणाली, "हिला माज आलाय कारखान्याचा." बायकांत कुजबुज झाली की चिमाचं नक्की कुठंतरी काहीतरी आहे, म्हणून तिला गुपचूप उरकायचंय. ढोल परत गवसणीत गेला. काशीराम हिरमुसला, म्हणाला, परीक्षा राहिलीच. पण पाटाला ढोल वाजवत नाहीत, हे त्याच्याच बापजाद्यांनी ठरवलेलं. काय करतो?

मागीलदारी दिवेलागणीला आमचा पाट लागला. माणसं इनमिन पाच. काशीरामानं पदराची गाठ मारली, दगडावर नारळ फोडला. नुसता नारळ, पण फाडकन आवाज झाला आणि भागोजीचं सगळं अंग ताठ झालं. मी गाठीखाली त्याचा हात घट्ट धरला होता. कुणाला दिसलं नाही. दिसलं असतं तरी म्हणाले असते, बघा, पाटाची बाई, हिला लाज कसली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भागोजी पुन्हा बोटीवर गेला नाही, शेती बघतो. त्याला लोक माणूस म्हणतात. खेडला आम्ही दोघं जाऊन आलो, तिला खरं काय ते मीच सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत हाय गो. पण घरात बोलू नका." मग आम्ही तिच्या सासऱ्याला, मागच्या बोटीनं येईल, असं सांगून चहा पिऊन परत आलो.

गावात मला कुणी ओटी भरायला बोलवत नाही. नवरात्रात सवाष्णींच्या पंगती उठतात, मी खरकटी काढते. नवरा माझा एकच, पहिला तोच आणि दुसरा तोच, धडधाकट, समोर बसून विडी ओढणारा. तरी मी पडवीत. वाईट वाटतं. का नाही वाटणार?

आणि वाडीत कुणाचं लग्न निघालं की ढोल बाहेर काढायच्या आधी मी कोयता घेते आणि भागोजीला म्हणते, "चला, लाकडाला." तो मुकाट्यानं उठतो. आम्ही पार कड्यापलीकडच्या रानात जातो, जिथं काही ऐकू येत नाही, आणि वरात गेली असेल अशा अंदाजानं परततो. बायका म्हणतात, चिमा शहाणी, आपली पायरी ओळखते, शुभकार्यात थांबत नाही. आमच्या मागीलदारी लाकडांचा एवढा ढीग झालाय की दोन वर्षं जाळली तरी संपायची नाहीत, आणि या वैशाखात वाडीत अजून तीन लग्नं आहेत.